दार बंद झाल्यावर

सकाळी कामाला निघताना आपण चपला घालतो, किल्ली उचलतो आणि मागे वळून पाहतो, तर कुत्रा दारापाशी येऊन बसलेला असतो. कान मागे, नजर हातातल्या किल्लीवर. दार लागतं. त्यानंतरचे सात-आठ तास तो काय करतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. आपण नुसता अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजात आपल्या मनातली रुखरुखच जास्त असते.

माझंही तसंच होतं. एक दिवस जुना मोबाइल कपाटावर उभा करून, रेकॉर्डिंग चालू ठेवून बाहेर पडले. संध्याकाळी पाहिलं तर आमची कुत्री पहिली काही मिनिटं दाराशी उभी होती, मग खिडकीत जाऊन आली आणि गादीवर मुटकुळं करून झोपली. दिवसभर झुरत असेल ही माझी समजूत खोटी ठरली. पण एक गोष्ट खटकली. तिची गादी दाराजवळ होती, आणि जिन्यात पावलं वाजली की ती दर वेळी ताडकन उठून बसायची. नंतर बराच वेळ तिचा डोळा लागायचा नाही. दिवसातून किती वेळा हे व्हायचं, याचा मला पत्ताच नव्हता.

प्रौढ कुत्रा दिवसाच्या चोवीस तासांपैकी साधारण १२ ते १४ तास झोपतो, तेही तुकड्या-तुकड्यांनी. त्यामुळे घरात एकटं असणं म्हणजे आपोआप हाल, असं नाही. त्याला शांत झोप मिळते का, आणि आपण जाण्याचा क्षण त्याला कसा जातो, हे पाहायला हवं.

तो क्षण जड जाण्याला कारण आहे. लहान मूल आईला किती बिलगलेलं आहे हे तपासायची एक जुनी पद्धत मानसशास्त्रात आहे. बुडापेस्टच्या योजेफ तोपाल आणि आदाम मिक्लोशी यांच्या गटाने १९९८ मध्ये तीच पद्धत कुत्र्यांसाठी वापरली. अनोळखी खोली, मालक आणि एक परका माणूस. मालक असेपर्यंत कुत्रे खेळत, खोली हुंगत फिरत. मालक बाहेर गेला की दाराशी जाऊन उभे राहत. माणसाची लेकरं जसं वागतात त्याच्याशी हे खूप जुळणारं होतं. २०१५ मध्ये जपानमधल्या मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांनी आणखी एक धागा पकडला. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्हं बाळ यांच्या जिव्हाळ्यातही याच संप्रेरकाचा वाटा असतो. माणसाने हाताने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये हे दिसलं नाही. हजारो वर्षांच्या सोबतीने कुत्र्याला आपल्याशी असं बांधून घेतलं आहे. म्हणूनच ‘कुत्रा काय, राहील एकटा’ असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

मग किती वेळ एकटं ठेवलं तर चालतं? स्वीडनमध्ये तेरेसे रेन आणि लिंडा कीलिंग यांनी २०११ साली १२ कुत्र्यांवर केलेला अभ्यास इथे उपयोगी आहे. प्रत्येक कुत्रा कधी अर्धा तास, कधी दोन तास, तर कधी चार तास एकटा राहिला. मालक परतल्यावर, अर्ध्या तासाच्या तुलनेत दोन तासांनंतर कुत्र्यांनी कितीतरी जोरात स्वागत केलं, शेपूट हलवली, अंग झटकलं. दोन आणि चार तासांत मात्र तसा फरक दिसला नाही. यावरून कुत्र्याला वेळेचं काही वाटत नाही असा अर्थ काढणं चूक ठरेल. मूत्राशयाला तास बरोबर कळतात, आणि पिल्लांना तर दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं. निरोगी प्रौढ कुत्र्याच्या बाबतीतही सलग सहा तासांच्या पुढे कुणीतरी येऊन त्याला फिरवून आणावं, असं मी म्हणेन.

काही कुत्र्यांना एकटेपणा खरोखरच सोसत नाही. त्यांची घालमेल बहुधा पहिल्या काही मिनिटांतच सुरू होते. विव्हळणं, दाराची चौकट कुरतडणं, येरझाऱ्या, लाळ गळणं, बाहेर शू करायची सवय असूनही घरात करणं. ‘मुद्दाम केलं’ असं आपल्याला वाटतं. ब्रिस्टल विद्यापीठातल्या माइक मेंडल यांच्या गटाने २०१० मध्ये निवारागृहातल्या २४ कुत्र्यांना शिकवलं की वाडगा खोलीच्या एका बाजूला असेल तर त्यात खाऊ असतो, दुसऱ्या बाजूला असेल तर नसतो. मग त्यांनी वाडगा मधोमध ठेवला. एकटेपणी जास्त कासावीस होणारे कुत्रे त्या मधल्या वाडग्याकडे रेंगाळत गेले, जणू त्यात काही नसणारच. म्हणजे फाटलेल्या उशीमागे सूड नसतो. सगळ्याच बाबतीत वाईटाची धास्ती घेतलेलं मन असतं.

आणि तो ‘अपराधी चेहरा’? कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये त्याचीही परीक्षा घेतली. कुत्र्याने खरंच आगळीक केली होती की नाही, याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध नव्हता. मालक रागावला की तो दिसायचा, आणि बिचाऱ्याने काही केलेलं नसतानाही दिसायचा. घरी आल्यावर तासांपूर्वीच्या पसाऱ्यासाठी रागावलं, तर कुत्रा एवढंच शिकतो की माणूस परत आला की काहीतरी वाईट घडतं. मीही पूर्वी रागावले आहे. त्याचं आजही वाईट वाटतं.

घालमेल सौम्य असेल तर सराव कामी येतो. किल्ली उचलायची आणि पुन्हा खुर्चीत बसायचं. चपला घालायच्या आणि चहा करायला जायचं. किल्लीचा आवाज म्हणजे ताटातूट, ही गाठ हळूहळू सुटते. मग अर्धा मिनिट बाहेर, एक मिनिट, पाच मिनिटं. कुत्रा अस्वस्थ होण्याआधी परत यायचं. हे काम आठवड्यांचं आहे, घाई केली की बिघडतं. घाबरलेल्या कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडू नका. सुटायच्या धडपडीत तो दात आणि नखं मोडून घेतो. त्रास तीव्र असेल तर पशुवैद्याकडे जावं. क्लोमिप्रामिन, फ्लुऑक्सेटिन यांसारखी औषधं सरावाच्या जोडीने दिली जातात, आणि ती देण्यात कमीपणा काहीच नाही.

निघताना कुत्र्याकडे पाहूच नका, असा सल्ला पुष्कळ जण देतात. इटलीतल्या एका छोट्या प्रयोगात, थोडा वेळ दूर जाण्याआधी मालकाने एक मिनिट शांतपणे कुरवाळलं, तर कुत्रे त्या वेळात जास्त स्वस्थ राहिले. प्रयोगात दहाच कुत्रे होते, त्यामुळे तो शेवटचा शब्द नव्हे. पण मी तरी कुरवाळूनच निघते.

ज्यांच्याकडे वेळ कमी आहे, त्यांनी कुत्र्याच्या नाकाकडे लक्ष द्यावं. आपल्या नाकात गंध टिपणारे ग्राही पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार वीस ते तीस कोटींपर्यंत. कुत्रा हुंगतो तेव्हा आत आलेल्या हवेचा एक भाग वेगळ्या वाटेने थेट मागच्या गंधकक्षात जातो, आणि उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून निघतो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. खांबाशी थांबलेला कुत्रा तिथून कोण गेलं, केव्हा गेलं, हे वाचत असतो. आपण घाईत असतो म्हणून पट्टा ओढतो. शार्लोट ड्युरांटोन आणि होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये काही कुत्र्यांना दोन आठवडे खाऊ हुंगून शोधायचा खेळ दिला, तर काहींना मालकाच्या पायाशी चालायचा सराव. मग तीच मधल्या वाडग्याची परीक्षा घेतली. हुंगणारे कुत्रे त्या वाडग्याकडे आधीपेक्षा लगबगीने गेले. पायाशी चालणाऱ्यांत बदल नव्हता. सकाळी वीसच मिनिटं असतील, तर अंतर कापण्याचा हट्ट सोडा आणि त्याला हवं तिथे, हवं तितकं हुंगू द्या. घरातही जेवणाचा एक भाग गुंडाळलेल्या टॉवेलमध्ये किंवा खोक्यात लपवता येतो. फक्त पहिले काही दिवस समोर बसून बघा. काही कुत्रे टॉवेल आणि पुठ्ठाही गिळतात.

गाणी लावून जावं का? स्कॉटलंडच्या निवारागृहात केलेल्या अभ्यासात संगीत चालू असताना कुत्रे जास्त वेळ आडवे पडून राहिले, पण एकच प्रकार वाजत राहिला की काही दिवसांत परिणाम ओसरला. तेव्हा आलटून पालटून, आणि हळू आवाजात.

सुरक्षेच्या गोष्टी दार लावण्याआधीच उरकायच्या. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या बंद कपाटात हव्यात. साखरमुक्त च्युइंगममधलं झायलिटॉल विशेष घातक: माणसाला ते चालतं, कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्सुलिन एकदम उसळतं आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. वेफर्सच्या रिकाम्या पिशवीत कुत्रा तोंड घालतो, श्वासाबरोबर पिशवी चेहऱ्याला घट्ट बसते आणि काही मिनिटांत तो गुदमरतो. कचऱ्याचा डबा झाकणाचा आणि पक्का हवा. एकटा असताना गळपट्टा काढून ठेवा. तो जाळीत अडकू शकतो.

गाडीत तर ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही सोडू नका. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००५ मध्ये मोजलं, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलं, आणि त्यातला ८० टक्के चढ पहिल्या अर्ध्या तासातला होता. काच थोडी खाली ठेवून फरक पडला नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांतून येतो. बाकी सारी भिस्त धापा टाकण्यावर, आणि आतली हवाच तापली की धापाही निरुपयोगी. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींची अवस्था त्याहून वाईट.

आमच्या कुत्रीची गादी मी आतल्या खोलीत हलवली, जिन्यापासून लांब. दाराच्या खोलीत हळू आवाजात रेडिओ लावला. आठवड्याने मोबाइल पुन्हा कपाटावर ठेवला. दुपारी पावलं वाजली, तेव्हा तिचा एक कान वर झाला, क्षणभर तसाच राहिला आणि खाली आला. डोकं पंजांवरून उचललंही नाही.