डिप्रेशनच्या गोळ्या ‘जन्मभर सुटत नाहीत’?

‘एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत,’ हे सांगणारे शेजारीपाजारी पुष्कळ. घोळ झोपेच्या गोळ्यांमुळे होतो. अल्प्राझोलामसारख्यांची सवय खरंच लागू शकते, म्हणून त्या सहसा थोडेच दिवस देतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या डिप्रेशनच्या गोळ्यांची तशी तलफ येत नाही. उलट गुण यायलाच २ ते ४ आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही निदान ६ महिने गोळी चालू ठेवायची असते. नेमकं तेव्हाच माणूस स्ट्रिप कपाटात टाकतो. मग गरगरतं, झोप उडते, डोक्यात झिणझिण्या येतात आणि घरचे म्हणतात, ‘बघ, लागली ना सवय!’ हा गोळी एकदम तोडल्याचा त्रास; म्हणूनच डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. आजार वारंवार उलटणाऱ्या काहींना ती वर्षानुवर्षं लागते, हेही खरं.