फूड अ‍ॅलर्जी 'इतर' मधे का पडते? कोडिंगमागची जुनी गोष्ट

अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पॅकेटवर तिळाचं नाव छापणं कंपल्सरी झालं, म्हणजे कायद्याच्या हिशेबाने तीळ हा तिथला नववा मोठा अ‍ॅलर्जन. पण तिळाचीच अ‍ॅलर्जी असलेला पेशंट तिथल्या हॉस्पिटलात गेला की त्याच्या रेकॉर्डला आजारांच्या यादीतला कोड लागतो झेड९१.०१८, म्हणजे 'इतर खाद्यपदार्थांची अ‍ॅलर्जी'. गहू, सोया, काजू, बदाम सगळे त्यातच, घरात एक ड्रॉवर असतो ना ज्यात किल्ल्या, रबरबँड आणि जुने चार्जर पडलेले असतात तसा. आपल्याकडे पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन चार्ट कोड करणाऱ्यांना, म्हणजे पेशंटच्या नोंदी वाचून त्यांना असे कोड लावणाऱ्यांना, हा कोड तोंडपाठ असतो, पण तो असा का आहे हे सर्टिफिकेशनच्या क्लासात फारसं कोणी सांगत नाही.

मुळात ही यादी आजारी माणसांसाठी बनलीच नव्हती, मेलेल्यांसाठी बनली होती. १८९३ मधे शिकागोला जाक बर्तियों या फ्रेंच माणसाने मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरण मांडलं, आजच्या आयसीडीचं, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचं, मूळ ते. तेव्हा अ‍ॅलर्जी ही कल्पनाच नव्हती, तो शब्द व्हिएन्नाच्या फॉन पिर्केने १९०६ मधे आणला. १९२१ मधला प्रयोग तर भन्नाट आहे, क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला मासे सोसायचे नाहीत, तर त्याचं सीरम (रक्तातल्या पेशी काढून उरतो तो द्रव) प्राउस्निट्झ या दुसऱ्या डॉक्टरने स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं आणि नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचला तर तिथे गांधी उठली. म्हणजे रक्तात काहीतरी आहे हे कळलं, पण ते 'काहीतरी' म्हणजे आयजीई नावाची अँटीबॉडी, हे सापडायला १९६० च्या दशकाचा शेवट उजाडला.

तोवर यादीचा सांगाडा पक्का झाला होता. १९४८ मधे डब्ल्यूएचओने सहावी आवृत्ती काढली, त्यात पहिल्यांदा मृत्यूसोबत आजारही आले, आणि बरीचशी मांडणी अवयवांप्रमाणे राहिली, त्वचेचं एक प्रकरण, पचनाचं एक वगैरे. फूड अ‍ॅलर्जीची खरी पंचाईत इथे आहे, कारण ती एका अवयवात राहतच नाही. आयसीडी-१० मधे बघा, खाण्याने अंगावर आलं तर एल२७.२, पोट बिघडलं तर के५२.२, अ‍ॅनाफिलॅक्सिस (जीवावर बेतणारी तीव्र रिअ‍ॅक्शन) झाला तर टी७८.०. शेंगदाणा तोच, पेशंट तोच, पण नोंद तीन वेगवेगळ्या प्रकरणांत, मग शेंगदाण्याचे एकूण पेशंट किती हे मोजणार कसं?

आणि औषधांशी तुलना केली की जास्तच खटकतं. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० मधे औषधांच्या अ‍ॅलर्जीला झेड८८ असं अख्खं घर आहे, पेनिसिलिन वेगळं, सल्फा वेगळं, भुलीची औषधं वेगळी. बाकी सगळ्या अ‍ॅलर्जीला मिळून एकच झेड९१.०. कारण साधं असावं, औषध हॉस्पिटल देतं, चुकलं तर जबाबदारी हॉस्पिटलची, त्यामुळे ती नोंद आधी सुधारली असणार. खाणं पेशंट घरी खातो. आपल्याकडच्या केस पेपरवरही 'ड्रग अ‍ॅलर्जी: नाही' एवढंच लिहिलेलं बरेचदा दिसतं आणि कोळंबीचं कोणी विचारतच नाही.

अमेरिकेने आयसीडीची आपली सुधारित आवृत्ती (नावापुढे 'सीएम' असते ती) वापरताना हे थोडं सावरलं. जुन्या आयसीडी-९-सीएम मधेच शेंगदाणा, दूध, अंडी, सीफूड यांना वेगळे कोड मिळाले होते, तेच १ ऑक्टोबर २०१५ ला आयसीडी-१०-सीएम लागू झाल्यावर झेड९१.०१० ते ०१३ म्हणून आले. पण त्याच काळात सरकारने कॉम्प्युटर रेकॉर्डसाठी हॉस्पिटलांना पैसे दिले तेव्हा पहिल्या टप्प्याची अट काय होती, तर ८० टक्क्यांहून जास्त पेशंटची *औषधांच्या* अ‍ॅलर्जीची यादी भरलेली हवी. खाण्याची भरा असं म्हटलंच नाही, आणि जे मोजलं जात नाही ते घाईत कोण भरतंय! बऱ्याच ठिकाणी ते फ्री टेक्स्टमधे, म्हणजे कोड न लावता मनाने टाइप केलेल्या मजकुरात जातं, 'नट्स', 'शेलफिश?', 'दूध सोसत नाही'. आता हे शेवटचं अ‍ॅलर्जी आहे की लॅक्टोज (दुधातली साखर) न पचण्याचा त्रास? दुसरं असेल तर कोड ई७३, आणि त्यात अ‍ॅनाफिलॅक्सिसचा धोका नसतो. एका अर्धवट वाक्याने पेशंटच्या जेवणाच्या ताटापासून पुढच्या डॉक्टरच्या अंदाजापर्यंत सगळं बदलतं.

नवे कोड आले ते एकेका आजाराचा पाठपुरावा झाला म्हणून. बाळांना उलट्या होऊन गळून जायला लावणाऱ्या एफपीआयईएसला के५२.२१ मिळाला ऑक्टोबर २०१६ मधे. गोचीड चावल्यावर लाल मांसाची अ‍ॅलर्जी होते, लक्षणं जेवणानंतर काही तासांनी येतात, हे व्हर्जिनियाच्या प्लॅट्स-मिल्स यांच्या टीमने २००९ मधे मांडलं, आणि झेड९१.०१४ आला २०२१ मधे. बारा वर्षं! तोवर हे लोक 'इतर' मधेच.

मृत्यूच्या नोंदीत तर आणखी वाईट. आयसीडी-१० मधे टी७८ सारखे कोड मृत्यूचं मूळ कारण म्हणून मोजलेच जात नाहीत, त्यामुळे अ‍ॅनाफिलॅक्सिसने गेलेला माणूस आकडेवारीतून गायब होऊ शकतो. ल्युसियाना टानो या डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलच्या नोंदी तपासून २०१२ मधे हेच दाखवलं, आणि आयसीडी-११ मधे अ‍ॅलर्जीला इम्युनिटीच्या प्रकरणात स्वतःचा विभाग मिळाला त्यामागे या लोकांची बरीच धडपड आहे. ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, पण अमेरिकेतलं बिलिंग अजून दहावरच चालतं.

तिथली ताजी भर १ ऑक्टोबर २०२५ ची, दूध आणि अंड्याच्या अ‍ॅलर्जीत भाजलेल्या पदार्थातलं सोसतं की नाही याचे वेगळे कोड. केकमधलं अंडं चालतं पण ऑम्लेट नाही, अशी मुलं असतातच. फक्त कोडरला अंदाजाने काही टाकता येत नाही, डॉक्टरने नुसतं 'एग अ‍ॅलर्जी' लिहिलं असेल तर एकतर डॉक्टरला क्वेरी (लेखी विचारणा) पाठवायची नाहीतर 'अनस्पेसिफाइड' लावून पुढचा चार्ट उघडायचा.