एक्सबॉक्स लाइव्ह पहिली नव्हती

‘कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर) ऑनलाइन खेळणं २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स लाइव्ह या सेवेनं सुरू केलं’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की खरंच वाटायला लागतं. पण ते चुकीचं आहे. अमेरिकेत १९९४ सालीच एक्सबँड आलं होतं: फोनलाइनवरून कन्सोल जोडणारा मोडेम आणि त्यावर चालणारी सेवा. सेगा जेनेसिस या कन्सोलच्या खाचेत आधी हा मोडेम बसायचा आणि त्याच्या डोक्यावर गेमची कार्ट्रिज. सर्व्हर फक्त जोडी जुळवून द्यायचा. मग एक कन्सोल दुसऱ्याला थेट फोन लावायचा. मोडेमचा वेग सेकंदाला जेमतेम २४०० बिट, म्हणून चित्र पाठवायचं नाहीच, फक्त कुणी कोणतं बटण दाबलं तेवढंच! मला आजही याचं अप्रूप वाटतं. १९९७ मध्ये ही सेवा बंद पडली.

१९९९ला अमेरिकेत आलेल्या सेगाच्याच ड्रीमकास्ट या कन्सोलमध्ये तर मोडेम आतच होता. त्याचे अधिकृत सर्व्हर कधीच गेले, तरी तो आजही ऑनलाइन खेळता येतो. चाहत्यांनी ‘ड्रीमपाय’ बनवलं: रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक आणि यूएसबी मोडेम. ड्रीमकास्टला डायल टोन (फोन उचलल्यावर येणारा सूर) ऐकू आल्याशिवाय तो नंबर फिरवत नाही, म्हणून ड्रीमपाय तो टोन स्वतःच वाजवतं आणि पुढे घरच्या इंटरनेटला जोडून देतं.