दर्या की दऱ्या: मोबाईलवर ऱ्य का सापडत नाही

मागच्या महिन्यात घरच्या लग्नाच्या ग्रुपवर मेसेज आला, 'आचार्यांना ॲडव्हान्स देऊन टाका', आणि ज्याच्याकडे पैसे होते त्याने ते सरळ गुरुजींना नेऊन दिले. द्यायचे होते आचाऱ्यांना, म्हणजे स्वयंपाकवाल्यांना. टाइप करणाऱ्याला फरक कळत नव्हता असं अजिबात नाही, त्याला ऱ्य मधला तो अर्धा र कीबोर्डवर मिळालाच नाही. 'बर्याच', 'दुसर्या', 'शेतकर्यांना' हे तर रोज बघतो आपण, आणि मला दर वेळी टोचतं, कारण दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. रफार (अक्षराच्या डोक्यावरचा र) असला की आधीच्या अक्षरावर आघात येतो, ऱ्य असला की येत नाही, बोलताना कुणी चुकत नाही.

मूळ कारण जुनं आहे. हिंदीला हा र लागत नाही, त्यामुळे कॉम्प्युटरवरच्या देवनागरीत तो कायम कोपऱ्यात राहिला. १९९१ च्या इस्की या, कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या साठवायच्या मानकात त्याची सोय केली ती नुक्तावाल्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या ऱ मधून. हा ऱ खरं तर दाक्षिणात्य भाषांतला वेगळा र दाखवायला ठेवलेला, त्याचा पाय मोडला की आपला अर्धा र मिळायचा. मग युनिकोड, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांचं एकच मानक आलं, त्याच्या २.० आवृत्तीत (१९९६) वेगळाच रस्ता होता, साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पुढे इस्कीशी जुळवून घेत ऱ ची पद्धत घेतली पण जुनीही चालू ठेवली. म्हणजे 'दऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला सेम टू सेम, आणि साध्या शोधात एक टाकला तर दुसरा सापडेलच असं नाही. (ते न दिसणारं जोडचिन्ह आज आपण सगळे वापरतो, आई-बाबा-मुलांचा एकत्र इमोजी त्यानेच जोडलेला असतो.)

कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कीबोर्ड-मांडणी शिकलेल्यांना त्रास नाही, इंग्रजी J च्या बटणावर र आणि शिफ्ट धरून ऱ, मग हलन्त, मग य, झालं. मोबाईलच्या इवल्याशा स्क्रीनवर मात्र एवढी अक्षरं मावत नाहीत, म्हणून ऱ कुठे लाँग-प्रेसखाली तर कुठे दुसऱ्या पानावर लपतो. आणि इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी करणारे कीबोर्ड तर बहुतेकदा रफारच आधी पुढे करतात, घाईत माणूस तोच निवडतो.

ॲ चंही असंच झालं. हिंदीचा ऍ पहिल्यापासून होता, पण आपण अ वर चंद्र देतो, तो ॲ युनिकोडमध्ये आला थेट २००८ ला, ५.१ आवृत्तीत. राज्य सरकारचा वर्णमालेचा जीआर निघाला ६ नोव्हेंबर २००९ ला, त्यात ॲ आहे. तोवर लोक अ ला वेगळा चंद्र चिकटवत होते, कुठे नीट दिसायचा, कुठे बाजूला ठिपक्यांचं गोल यायचं.

₹ ला एवढं थांबावं लागलं नाही. १५ जुलै २०१० ला चिन्ह ठरलं आणि त्याच ऑक्टोबरात युनिकोड ६.० मध्ये आलंसुद्धा. पैशाचं चिन्ह सगळ्या देशाचं, त्याच्यामागे सरकार उभं होतं. ऱ्य च्या मागे मुख्यतः मराठी लिहिणारेच आहेत, आपणच 'चालतंय की' म्हणून सोडून दिलं तर कीबोर्ड बनवणारा कशाला लक्ष देईल?

लग्नाच्या ग्रुपवर आता नुसतं 'ऱ्या' एवढाच मेसेज पिन केलाय, लागला की कॉपी करायचा.