शुगर आहे म्हणून ज्वारी नेताय? मग हा कागदही वाचा

आमच्या गिरणीतून ज्वारी, नाचणी आणि भाजणी नेणाऱ्यांपैकी पुष्कळजण घरात कुणाला तरी मधुमेह आहे म्हणून येतात. महिन्याभरात त्यातलेच काहीजण उरलेल्या पिठाचा डबा घेऊन परत येतात. "तुमच्या पिठाने फरक तर पडलाच नाही, उलट जेवणानंतरची शुगर वाढली." मग पिठात तांदूळ मिसळलाय का, मैदा घातलाय का, अशी चौकशी सुरू होते. दळण चालू असताना, मागे रांग उभी असताना प्रत्येकाला सगळं नीट सांगणं होत नाही आणि अर्धवट सांगितलं की गैरसमज वाढतो. म्हणून हे छापून पुड्यासोबत देत आहोत.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. गडबड पिठात नसते, भाकरीच्या आकारात असते.

गव्हाचा पातळ फुलका साधारण २५ ग्रॅम पिठाचा होतो. ज्वारीची हातावर थापलेली, ताटभर पसरलेली भाकरी ५० ते ६० ग्रॅम पिठाची असते. थापणारा हात गावाकडचा असेल तर आणखी मोठी. आता पिष्टमय पदार्थांचा हिशेब पाहा. गहू असो, ज्वारी असो की नाचणी, १०० ग्रॅम पिठात ते ६५ ते ७० ग्रॅमच्या आसपासच असतात, फार फरक नाही. म्हणजे दोन फुलक्यांत जेमतेम ३३-३४ ग्रॅम, आणि दोन भाकऱ्यांत ७० ते ८० ग्रॅम. "पूर्वी दोन फुलके खायचो, आताही दोनच भाकऱ्या खातो हो," असं आजोबा अगदी खरं सांगत असतात. पण ताटातला ऐवज दुपटीहून जास्त झालेला असतो, आणि ग्लुकोमीटर तेवढंच दाखवतो.

यावर उपाय सोपा आहे. घरी वजनकाटा असेल तर एकदा ३० ग्रॅम पीठ मोजा आणि ते रोजच्या वापरातल्या एखाद्या वाटीत ओतून पाहा, कुठवर येतं. तिथे खूण करा. काटा नसेल तर ती वाटी इथे घेऊन या, आमच्या काट्यावर मोजून देतो, त्याचे पैसे नाहीत. तेवढ्या पिठाची भाकरी तळहाताहून थोडी मोठी होते. एका जेवणाला अशा किती, हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारा, आणि विचारताना 'भाकरी' न म्हणता 'ग्रॅम' म्हणा. त्यांच्या डोळ्यांसमोरची भाकरी आणि तुमच्या तव्यावरची भाकरी वेगळी असू शकते.

मग ज्वारी घ्यायचीच कशाला, असा पुढचा प्रश्न येतो. न चाळलेल्या चांगल्या गव्हातही चोथा भरपूर असतो, हे आम्ही ज्वारी विकत असूनही सांगतो. भाकरीचा फायदा तिच्या सोबत्यांमुळे आहे. तिला आत तेल लागत नाही, ती सावकाश चावून खावी लागते, आणि तिच्याबरोबर आपसूकच पालेभाजी, पिठलं, मटकीची उसळ, कांदा, ताक असं जेवण येतं. हरभरा डाळीच्या पिठात प्रथिनं १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर असतात आणि ते रक्तात साखर हळू सोडतं. म्हणून एक लहान भाकरी आणि वाटीभर पिठलं हे दोन भाकऱ्या आणि बटाट्याच्या भाजीपेक्षा कितीतरी बरं. आधी कोशिंबीर आणि उसळ खाऊन घ्या, भाकरीचा तुकडा नंतर मोडा. या क्रमाने जेवलं तर जेवणानंतरची उसळी कमी राहते.

याच कारणाने आमच्या पुड्यावर 'मधुमेहींसाठी खास' असं छापलेलं नाही. तशी चिठ्ठी लावून दर वाढवता येतो, ते आम्हाला ठाऊक आहे. पण ती चिठ्ठी वाचली की माणूस मोजायचं सोडतो. पीठ औषध नाही.

भाजणीचं मात्र आम्ही थोडं वेगळं करतो. नेहमीच्या थालीपिठाच्या भाजणीत तांदूळ असतो. सांगितलंत तर तांदूळ वगळून, हरभरा, उडीद आणि मुगाच्या डाळी मिळून निम्म्या वजनाच्या घालून भाजणी करून देतो. धान्यं वेगवेगळी भाजतो, कारण उडदाची डाळ लाल होते तेव्हा ज्वारी अजून कच्ची असते. दळतो किंचित रवाळ. बारीक हवी असा आग्रह होतो, पण बारीक पीठ लवकर पचतं आणि थालीपीठही चिवट होतं. पीठ ४० ग्रॅम घेतलं तर किसलेली काकडी, दुधी किंवा चिरलेली मेथी वजनाने त्याच्या दुप्पट घ्या. काकडीला सुटलेल्या पाण्यातच मळा, वरून पाणी लागलं तर चमचाभर. ओल्या फडक्यावर थापून मधे भोकं पाडा, तव्यावर टाकल्यावर झाकण ठेवा. तेल एक चमचा पुरे. भाजी इतकी घातल्यावर थालीपीठ मोडेल अशी भीती वाटते, पण डाळीचं पीठ धरून ठेवतं. लोण्याच्या गोळ्याऐवजी सोबत घट्ट दही घ्या.

नाचणीबद्दल दोन शब्द. कॅल्शियमसाठी नाचणी उत्तमच. पण नाचणी सत्त्व म्हणजे भिजवून, वाटून, गाळून काढलेलं पीठ, त्यातला चोथा गेलेला असतो. दुधात शिजवून गूळ घातलेलं सत्त्व बाळाला द्या, अशक्त माणसाला द्या. शुगर असलेल्या माणसाच्या नाश्त्यासाठी कुणी मागितलं तर आम्ही अख्ख्या नाचणीचं पीठ सुचवतो आणि त्याची ताकातली आंबील करायला सांगतो. तीही वाटीभरच.

आता गोडाचं. साखर बंद म्हणून गूळ घालणारी घरं अजून पुष्कळ आहेत. १०० ग्रॅम गुळात ८० ग्रॅमहून जास्त साखरच असते, मधातही तेवढीच. खजुराचे लाडू 'बिनसाखरेचे' म्हणून मुठीएवढे वळले जातात, त्याचंही तेच.

साखरेऐवजी घालायच्या गोळ्या-पावडरी वापरायच्या असतील तर पुड्यावरचं नाव वाचा. अ‍ॅस्पार्टेम उकळत्या पदार्थात गोडी गमावतं, ते गार पदार्थातच घाला. सुक्रालोज आणि स्टीव्हिया घरच्या शिजवण्यात टिकतात, स्टीव्हिया जास्त झालं तर मागे कडवट चव राहते. आणि साखर फक्त गोडीसाठी नसते, पदार्थाचं अंगही तिच्यामुळेच असतं. बेसनाच्या लाडवातली सगळी साखर काढून चिमूटभर पावडर घातली की लाडू वळत नाही, तुपात बसतो, आणि मग आमच्या बेसनाला नावं ठेवली जातात. त्यापेक्षा रवाळ बेसन खमंग भाजा, पिठीसाखर नेहमीच्या निम्मी घाला आणि लाडू सुपारीएवढा वळा. एकच खा, आणि त्या दिवशी भाकरीत तेवढी काटछाट करा.

जेवणानंतरचं गोड म्हणून आमची पसंती श्रीखंडाला. दही रात्रभर टांगलं की दुधातल्या साखरेचा बराच भाग पाण्याबरोबर निघून जातो. बासुंदीत उलट होतं, दूध आटतं आणि साखर तिथेच राहते. चक्का पुरणयंत्रातून काढा, सुक्रालोजची पावडर, जायफळ, वेलची आणि चमचाभर कोमट दुधात खललेलं केशर घाला. साखर नसल्याने चक्का सैल होणार नाही, म्हणून दोन-तीन चमचे दूध घालून फेटा. वर चारोळी. वाढणी अर्धी वाटी. आंब्याचा रस घातलात तर हा हिशेब बदलतो, ते लक्षात असू द्या.

इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भाकऱ्या एकदम निम्म्या करू नका, डॉक्टरांना सांगून करा. थरथर, घाम, घाबरल्यासारखं झालं आणि मीटरवर ७० च्या खाली आकडा आला तर लगेच ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्या. त्या वेळी बिनसाखरेचं श्रीखंड किंवा भाकरी कामाची नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी वाढवण्याआधी विचारून घ्या.

पीठ बदलून फरक पडला का ते पाहायचं असेल तर पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा, आणि दोन्ही दिवशी ताटात बाकी सगळं सारखं ठेवा. आमरसाच्या दिवसाची तुलना उपवासानंतरच्या दिवसाशी करून काही कळत नाही.

ज्वारीचं पीठ एका वेळी दोन किलोच्या वर आम्ही देत नाही, त्यावर नाराजी होते. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, मग ती जाड थापली जाते आणि सगळा हिशेब तिथेच बिघडतो. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांत कडू लागतं. आठवड्याचं तेवढंच न्या, डबा पूर्ण रिकामा करून, पुसून आणा. बिनतांदळाच्या भाजणीसाठी दोन दिवस आधी सांगा, धान्य निवडून भाजायला तेवढा वेळ लागतो.