प्राणिजन्य रोग जागृती दिन (कोकण)

जनावरांकडून माणसांना होणाऱ्या रोगांविषयी लोकांना सावध करण्यासाठी पाळले जाणारे दिवस. यांतले प्रमुख दोन : ६ जुलैचा जागतिक प्राणिजन्य रोग दिन आणि २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन. दोन्ही तारखा लुई पाश्चर यांच्याशी जोडलेल्या आहेत. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांची रेबीजची लस प्रथम टोचली गेली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर वारले. रेबीज दिन २००७ पासून पाळला जातो.

कोकणात ६ जुलै म्हणजे ऐन भातलावणी. तारीख ठरली पॅरिसमुळे, पण ती इथल्या लेप्टोच्या हंगामावर नेमकी येऊन पडते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, घुशी, गुरे आणि कुत्रे यांच्या मुतातून बाहेर पडतात. पावसात गोठ्यातले पाणी, व्हाळातले (ओढ्यातले) पाणी आणि मळ्यातले पाणी एकच होऊन जाते. दिवसभर चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडलेल्या असतात, टाचा भेगाळलेल्या असतात. जंतूंना तेवढी वाट पुरते. मग आठ-पंधरा दिवसांत ताप भरतो, डोके दुखते, डोळे लाल होतात आणि पिंढऱ्या ठणकतात. फसगत होते ती इथेच. चार दिवस वाकून तरवा (भाताची रोपे) लावलेल्या बाईच्या पिंढऱ्या एरवीही ठणकतातच! ‘लावणीनं अंग मोडून आलंय’ म्हणत ताप अंगावर काढला जातो आणि दवाखाना गाठेपर्यंत कावीळ दिसू लागलेली असते किंवा मूत्रपिंडे बिघडलेली असतात. सुरुवातीलाच ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होणारा हा आजार आहे. जोखमीच्या भागात लावणीच्या दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनची गोळी प्रतिबंधासाठी दिली जाते.

जागृतीच्या फलकांवर शेतकऱ्याच्या पायांत हमखास गमबूट असतात. चिखलणी झालेल्या मळ्यात गमबूट रुततो आणि पाय तेवढा वर येतो, हे फलक काढणाऱ्याला कोणी सांगितलेले दिसत नाही. जखम झाकणे, बांधावर आल्यावर पाय स्वच्छ धुणे आणि ताप आल्यास ‘मी लावणीला होते’ हे डॉक्टरांना आपणहून सांगणे, एवढे जमण्यासारखे आहे. शिवाय ६ जुलैला सभागृहात भाषण ठेवले, तर ज्यांनी ऐकायचे ते मळ्यात असतात. वाडीतली बैठक मृगाआधीच व्हायला हवी.

रेबीज दिन भाद्रपदाच्या आसपास येतो. या महिन्यातल्या कुत्र्यांची ख्याती मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. माजावर आलेले कुत्रे भांडतात, चावतात. लक्षणे दिसू लागली की रेबीजचा रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून सगळी भिस्त चावल्यानंतरच्या पहिल्या तासांवर असते. जखमेवर तिखट, हळद वा चुना भरण्याऐवजी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुणे, लगेच लस घेणे आणि जखम खोल असल्यास जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) टोचून घेणे हा उपाय आहे. पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती जुन्या माणसांच्या मनात अजून आहे; ती लस भारतात केव्हाच बंद झाली. आता दंडात टोचतात. संशयित जनावर चावलेल्यांत जगभर सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात आणि मार बसेल म्हणून ती घरी सांगत नाहीत.

सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग आणि बांदा परिसरात, २०१६ पासून माकडतापाची भर पडली. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात आढळलेला हा रोग गोचिडींमार्फत पसरतो. त्याचा हंगाम मात्र हिवाळा-उन्हाळ्यातला, काजूच्या बागांत राबणूक चालू असतानाचा; त्यामुळे जुलै आणि सप्टेंबरच्या दोन्ही दिवसांच्या वाट्याला तो येत नाही. बागेत मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचे असते.

रेबीजची साखळी तोडायला सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळावी लागते. शेजारच्या गोव्यात गावोगाव जाळीने कुत्रे पकडून लसीकरण झाले आणि २०१७ नंतर सलग काही वर्षे तिथे माणसाचा रेबीजने मृत्यू झाला नाही. कोकणातल्या वाडीत ‘हा कुत्रा कोणाचा’ याला सरळ उत्तर नसते. तो एका घरी जेवतो, दुसऱ्याच्या पडवीत निजतो आणि राखण सगळ्या वाडीची करतो. त्याला साखळी ठाऊक नसते. शिबिराच्या दिवशी गळ्यात सुंभ अडकवून त्याला आणतात ती वाडीतली पोरेच, कारण तो ऐकतो फक्त त्यांचे.