शंकरपाळ्याच्या चौकटीत अडकलेला नियम

२२ सप्टेंबर २०२५ला तयार कपड्यांवरचा जीएसटी बदलला. आधी नगामागे १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के लागत. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ आणि त्यावर १८. नागपूरच्या गांधीबागेतल्या एका ठोक कापड व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. आदल्या रात्री दर बदलून निर्धास्त झोपलो. दुसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला, "भाऊ, बिल तं बरोबर निघून राहिलं, पण वापसीच्या पावतीवर भलताच टॅक्स येऊन राहिला."

ऑगस्टमध्ये १,५०० रुपयांचा शर्ट १२ टक्क्यांनी विकला होता, म्हणजे त्याची वापसीही १२नेच व्हायला हवी. माझा प्रोग्राम आजचा दर घेऊन ५ टक्के लावत होता. कारण कराचा नियम असा वेगळा कुठे नव्हताच. बिल, कोटेशन, वापसी, प्रत्येक पायरीच्या आत एकेक 'जर-तर' लिहिलेला होता, आणि त्यात तारखेला जागाच ठेवलेली नव्हती.

काम कसं पुढे सरकतं आणि निर्णय कशावरून होतो, या दोन गोष्टींची सरमिसळ जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्याने १९२१मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संघटनेपुढे 'प्रोसेस चार्ट' मांडला: काम कुठून निघतं, कुठे थांबतं, कुठे तपासलं जातं. पुढे कॉम्प्युटरच्या फ्लोचार्टमध्ये, म्हणजे प्रोग्रामचा क्रम दाखवणाऱ्या आकृतीत, निर्णयासाठी शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट रूढ झाली. एकदा ती हाताशी आली की माणूस प्रत्येक नियम तिच्यात कोंबतो. चार किमती आणि तीन प्रकारचे ग्राहक असले की शंकरपाळ्यांनी कागद भरून जातो, आणि मूळ काम शोधावं लागतं.

पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी जनरल इलेक्ट्रिकमध्ये निर्णय-तक्ते वापरात आले. वर अटी, खाली कृती, प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक नियम. कोणती अट राहून गेली, कुठे दोन नियम एकमेकांवर उठले, हे तक्त्यात डोळ्यांना दिसतं.

मला सगळ्यात पटतो तो मात्र सत्तरच्या दशकातला स्टॅनफर्डचा मायसिन. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कोणतं अँटिबायोटिक द्यावं हे सुचवणारा हा प्रोग्राम. त्यात सुमारे ६०० नियम होते, आणि ते चालवणारा प्रोग्रामचा भाग त्यांच्यापासून वेगळा ठेवलेला होता. हे वेगळेपण खरं होतं, कारण वैद्यकाचे ते नियम काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा 'ई-मायसिन' नावाने कामी आला आणि त्यात फुप्फुसाच्या आजारांचे नियम भरून 'पफ' तयार झाला.

धंद्याच्या जगात हा विचार उशिरा आला. २००३मध्ये बिझनेस रूल्स ग्रुपने जाहीरनामा काढला आणि त्यात नियम म्हणजे प्रक्रिया नव्हे, तो प्रक्रियेच्या पोटात ठेवू नये, असं स्वच्छ म्हटलं. पुढच्याच वर्षी प्रक्रिया रेखाटायची बीपीएमएन ही चिन्हपद्धत आली. तिच्यातही शंकरपाळं आहे, पण ते निर्णय घेत नाही. आधी झालेल्या निर्णयाप्रमाणे फक्त वाट दाखवतं. हा फरक बहुतेकांच्या नजरेतून सुटतो आणि नियम पुन्हा आकृतीत शिरतात. २०११च्या बीपीएमएन २.०मध्ये 'नियम इथे विचारा' असं सांगणारी वेगळी पायरी मिळाली, आणि २०१५मध्ये नुसत्या निर्णयांसाठी डीएमएन हे मानक आलं. त्याच्या मध्यभागी पुन्हा तोच तक्ता.

आता हे सगळं वेगळं का ठेवायचं, तर दोन्हींच्या बदलण्याची चाल वेगळी म्हणून. नागपुरात जकात होती तेव्हा ट्रक नाक्यावर थांबायचा, कागद दाखवायचा, पैसे भरायचा, मग शहरात यायचा. १ एप्रिल २०१३ला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला आणि नाकाच गेला. व्यापारी आपल्या वहीवरून स्वतः कर भरू लागला. पायरीच नाहीशी झाली, म्हणजे बदललं ते काम. सप्टेंबर २०२५मध्ये मात्र एकही पायरी हलली नाही. माल तोच, गोदाम तेच, बिल कापणारा तोच, बदलले फक्त आकडे. तरी मला प्रोग्राम पायरीपायरीने उकलावा लागला.

त्या आठवड्यात सगळे दर काढून एका तक्त्यात घातले: कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या किमतीपर्यंत, किती टक्के. वापसीची पायरी आता स्वतः दर ठरवत नाही, मूळ बिलाची तारीख आणि नगाची किंमत तक्त्याला विचारते. दुकानाच्या मुनीमजींनी त्या तक्त्याची प्रिंट मागून घेतली आणि तपासताना पेन्सिलने विचारलं: बिल जुन्या तारखेचं, पण माल नंतर गेला, तर? ती ओळ माझ्या तक्त्यात नव्हती. ते आम्ही आता त्यांच्या सीएंना विचारून घेत आहोत.